कंटेनर टाकाऊ, नोंदी टिकाऊ

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. त्यांपैकी तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. तरीही एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातील आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. धरणांचे पाणी शहरांकडे जाते हे याचे एक कारण. दुसरे कारण जमिनीत आहे. पायाखाली बेसाल्टचा कातळ आहे. पाणी मुरते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. उतार तीव्र असल्याने उरलेले पाणी ओढ्यानाल्यांतून पाहता पाहता निघून जाते.

पण सगळ्या विहिरी एकाच वेळी आटत नाहीत. एखादी फेब्रुवारीतच तळ दाखवते, तर तिच्यापासून हाकेच्या अंतरावरची दुसरी मे अखेरपर्यंत तग धरते. असे का होते? उत्तर शोधायचे तर आधी नोंदी हव्यात. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. या चार मोजण्यांच्या मधल्या आठवड्यांत काय घडते, हे गावातली शाळा सहज टिपू शकते. त्यासाठी एक लांब टेप, टोकाला बांधलेले वजन आणि दर आठवड्याचा ठरलेला दिवस एवढे पुरे. विहिरीच्या काठावर मुलांबरोबर शिक्षक असायलाच हवेत, हे सांगायला नकोच.

आता कल्पना करू, की किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे, सरळगाव अशा गावांच्या परिसरातील वीस शाळांनी प्रत्येकी तीन विहिरी निवडल्या. साठ विहिरी आणि बावन्न आठवडे म्हणजे वर्षाला ३,१२० नोंदी. दहा वर्षांत ३१,२०० नोंदी होतील. या नोंदी कशात ठेवायच्या, आणि त्या दहा वर्षे टिकतील अशी व्यवस्था कशी लावायची, हा या लेखाचा विषय आहे. कारण या कामात एक अडचण आहे. मोडलेले बाक पुन्हा करून घेता येते. गेल्या मे महिन्यातली पाण्याची पातळी मात्र यंदा मोजता येत नाही. हरवलेली नोंद कायमची हरवते.

वही, तक्ता आणि डेटाबेस

सुरुवात वहीनेच करावी. वही वीज मागत नाही. वहीतून नोंदी संगणकावरच्या साध्या तक्त्यात भरल्या, तरी पहिले वर्ष निभते. त्रास सुरू होतो तो अनेक हात लागल्यावर. एक जण ‘डोळखांब’ लिहितो, दुसरा ‘डोलखांब’, आणि तिसऱ्याकडून नावाच्या शेवटी एक मोकळी जागा पडते, जी डोळ्याला दिसतही नाही. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी गावे! कोणी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर लिहितो, तर कोणी तळापासून वर किती पाणी आहे ते. नऊ मीटर खोल विहिरीत काठापासून साडेसहा मीटरवर पाणी असेल, तर पाण्याची उंची अडीच मीटर. दोन्ही आकडे खरेच. पण एकाच रकान्यात आले की सगळा हिशेब बिघडतो.

डेटाबेस म्हणजे नियम पाळायला लावणारे नोंदीघर. त्यात आपण तीन तक्ते करू. पहिला गावांचा: गावाचा क्रमांक, नाव, तालुका. दुसरा विहिरींचा: विहिरीचा क्रमांक, ती ज्या गावात आहे त्या गावाचा क्रमांक, विहिरीची खोली. तिसरा नोंदींचा: विहिरीचा क्रमांक, तारीख, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर. गावाचे नाव एकदाच लिहिले जाते. पुढे सगळीकडे त्याचा क्रमांक. त्यामुळे नाव चुकायला जागाच राहत नाही. नियमही सांगून ठेवता येतात: अंतर ऋण असू नये, एका विहिरीची एका दिवसाची नोंद दोनदा होऊ नये, यादीत नसलेल्या विहिरीची नोंद घेऊ नये. नियम मोडणारी नोंद डेटाबेस स्वीकारतच नाही.

माहितीचे असे एकमेकांशी जोडलेले तक्ते करण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तिचा उपयोग आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने पटेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके तिकडे गेले; शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. प्रत्येक नोंदीपुढे जिल्ह्याचे नाव लिहिले असते, तर त्या दिवशी हजारो ओळी दुरुस्त कराव्या लागल्या असत्या. तालुक्यांचा एक स्वतंत्र तक्ता असेल, तर तालुक्यामागे एकच दुरुस्ती पुरते.

डेटाबेस चालवणाऱ्या आज्ञावली अनेक आहेत. आपण पोस्टग्रेस घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिचे काम सुरू झाले. ती विनामूल्य आहे, तिची रचना कोणालाही वाचता येते आणि देवनागरी नावे ती जशीच्या तशी साठवते.

कंटेनर म्हणजे काय?

मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगाव ते कसारा या पट्ट्यात उभे राहिले, तर लोखंडी कंटेनर लादलेले ट्रेलर सारखे जाताना दिसतात. आत कपडे आहेत की यंत्रे, हे चालकाला ठाऊक असण्याची गरज नाही. पेटीचा आकार ठरलेला असल्यामुळे न्हावा-शेवा बंदरातील यारी, मालगाडी आणि ट्रेलर तिला सारख्याच सोयीने उचलतात. या पद्धतीची मोठी सुरुवात १९५६ साली अमेरिकेत झाली. माल्कम मॅक्लीन यांच्या जहाजाने तेव्हा अशा ५८ पेट्या नूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या होत्या.

संगणकाच्या जगात हीच अडचण होती. एखादी आज्ञावली एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर अडते, कारण तिला लागणाऱ्या साहाय्यक फाइली तिथे नसतात किंवा जुन्या असतात. यावर उपाय म्हणजे आज्ञावली आणि तिला लागणारे सगळे सामान एकत्र बांधून पाठवायचे. अशी बांधणी सोपी करणारे ‘डॉकर’ हे साधन मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आले.

येथे दोन शब्द नीट वेगळे करून घेऊ. ‘इमेज’ म्हणजे साचा. तो बदलत नाही. ‘कंटेनर’ म्हणजे त्या साच्यावरून उभी केलेली चालती प्रत. एका साच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात, आणि बिघडलेली प्रत टाकून नवी काढता येते.

कंटेनर म्हणजे संगणकात उभा केलेला दुसरा संगणक, असेही कोणी समजतात. तसे नाही. स्वतंत्र बंगल्याचा पाया, भिंती, पाण्याची टाकी सगळे वेगळे असते. चाळीत मात्र खोल्यांना स्वतंत्र दारे असली, तरी पाया आणि टाकी एकच. कंटेनर हे चाळीतल्या खोल्यांसारखे आहेत. सगळे जण संगणकाच्या कार्यप्रणालीचा एकच गाभा वापरतात. फक्त एकाला दुसऱ्याच्या खोलीतले दिसत नाही. म्हणूनच ते काही सेकंदांत सुरू होतात आणि जागाही कमी घेतात.

नाव फसवे आहे

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ट्रेलरवरच्या कंटेनरमध्ये मौल्यवान असतो तो आतला माल. डेटाबेसच्या कंटेनरचे उलट आहे. त्याच्यात असते ती डेटाबेस चालवणारी यंत्रणा, आणि ती केव्हाही पुन्हा मिळू शकते. आपला माल, म्हणजे विहिरींच्या नोंदी, त्याच्या आत ठेवायचाच नसतो.

भाताच्या गिरणीचे उदाहरण घेऊ. गिरणी भात भरडते, पण वर्षाचे धान्य आपण गिरणीत ठेवत नाही. ते घरी कणगीत असते. गिरणी मोडली, बदलली, तरी कणगीला धक्का लागत नाही. कंटेनर ही गिरणी. कणगीला डॉकरच्या भाषेत ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. ही संगणकाच्या डिस्कवरची वेगळी राखलेली जागा असते, आणि कंटेनर पुसला तरी ती राहते.

कंटेनर थांबवला आणि पुन्हा सुरू केला, तर आतले काही जात नाही. पण कंटेनर काढून टाकून नवा उभारला, की जुन्याच्या आत लिहिलेले सगळे त्याच्याबरोबर जाते. आणि डेटाबेसची नवी आवृत्ती घ्यायची असो वा एखादी मांडणी बदलायची असो, कंटेनर काढून नवा उभारणे हीच येथली रोजची रीत आहे.

पोस्टग्रेसच्या अधिकृत साच्यात एक सोय आहे. आपण कणगी दिली नाही, तर तो स्वतःच एक निनावी कणगी तयार करून घेतो. पण नवा कंटेनर उभारला की त्याला नवी निनावी कणगी मिळते. जुनी कुठेतरी पडून राहते, आणि लांबलचक अंक-अक्षरांच्या नावावरून ती शोधणे नवशिक्याला जवळपास अशक्य होते. म्हणून पहिल्या दिवसापासून कणगीला आपणच नाव द्यावे.

प्रत्यक्ष करून पाहू

लिनक्स असलेल्या संगणकावर डॉकर थेट बसवता येते. विंडोजवर ‘डॉकर डेस्कटॉप’ घ्यावे. शिक्षणासाठी ते विनामूल्य आहे. स्मृती आठ गिगाबाइट असेल तर काम सुखाने होते. आज्ञा इंग्रजी लिपीतच द्याव्या लागतात. येथे आम्ही त्यांचे उच्चार आणि अर्थ देत आहोत. शब्द कसे लिहायचे हे वरिष्ठ वर्गातील मुले लगेच ओळखतील.

पायरी १. कणगी तयार करणे. ‘डॉकर व्हॉल्यूम क्रिएट’ लिहून पुढे नाव द्यायचे. आपण ‘विहिरी-डेटा’ असे नाव देऊ.

पायरी २. कंटेनर उभारणे. आज्ञा ‘डॉकर रन’. तिच्यापुढे सहा गोष्टी येतात:

(अ) ‘डी’ हा पर्याय. याने कंटेनर पडद्यामागे चालत राहतो.

(आ) ‘नेम’. कंटेनरचे नाव, समजा ‘विहिरी’.

(इ) ‘ई’. याने ‘पोस्टग्रेस पासवर्ड’ हे मूल्य, म्हणजे परवलीचा शब्द, द्यायचा. तो दिला नाही तर डेटाबेस सुरू होत नाही.

(ई) ‘व्ही’. कणगीचे नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग कंटेनरच्या आतील जागेचा पत्ता. पोस्टग्रेसच्या १७ व्या आवृत्तीपर्यंत हा पत्ता ‘व्हार, लिब, पोस्टग्रेसक्यूएल, डेटा’ असा आहे, प्रत्येक शब्दाआधी तिरकी रेघ. १८ व्या आवृत्तीपासून शेवटचा ‘डेटा’ गाळायचा असतो.

(उ) ‘पी’. दाराचा क्रमांक. पोस्टग्रेसचे नेहमीचे दार ५४३२. त्याच्या आधी १२७.०.०.१ हा स्वतःच्या संगणकाचा पत्ता लिहावा. तो गाळला तर हे दार शाळेच्या जाळ्यातील इतर संगणकांनाही उघडे राहू शकते.

(ऊ) शेवटी साच्याचे नाव आणि आवृत्ती: ‘पोस्टग्रेस’, दोन टिंबे, १७. आवृत्ती लिहिली नाही तर त्या दिवशीची सर्वांत नवी येते. आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरी, असा घोळ त्यातून होतो.

पहिल्या वेळी साचा इंटरनेटवरून उतरतो. तो सुमारे दीडशे मेगाबाइटचा असतो. जाळे नीट मिळत नसलेल्या गावातील शाळेने काय करावे? तालुक्याच्या गावी एका संगणकावर साचा उतरवून घ्यावा, ‘डॉकर सेव्ह’ या आज्ञेने त्याची एक फाइल करावी, ती पेन ड्राइव्हवर न्यावी आणि शाळेत ‘डॉकर लोड’ करावी. दोन्ही संगणकांतील प्रक्रियक एकाच जातीचे असावेत एवढीच अट. त्यानंतर रोजच्या कामाला इंटरनेट लागत नाही.

पायरी ३. पाहणी. ‘डॉकर पीएस’ ही आज्ञा चालू कंटेनरांची यादी देते. ‘डॉकर लॉग्ज विहिरी’ लिहिल्यावर शेवटी डेटाबेस जोडणी घेण्यास तयार असल्याचा संदेश दिसला पाहिजे.

पायरी ४. आत शिरणे. ‘डॉकर एक्झेक’, ‘आयटी’ हा पर्याय, कंटेनरचे नाव, आणि मग ‘पीएसक्यूएल’ व वापरकर्ता ‘पोस्टग्रेस’. येथे ‘क्रिएट टेबल’ या आज्ञेने आपले तीन तक्ते करता येतात, ‘इन्सर्ट’ने नोंद भरता येते आणि ‘सिलेक्ट’ने विचारता येते. मार्च अखेर कोणत्या विहिरींची पातळी आठ मीटरखाली गेली, हा प्रश्न एका वाक्यात विचारता येतो. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असेल, तर ‘पीजीॲडमिन’ हे खिडक्या-बटणांचे साधन ५४३२ या दारातून जोडता येते.

पायरी ५. परीक्षा. ही गाळू नये. चार-पाच खोट्या नोंदी भराव्यात. मग ‘डॉकर स्टॉप’ आणि ‘डॉकर आरएम’ या आज्ञांनी कंटेनर थांबवून पुसून टाकावा. यादीत तो नाही याची खात्री करावी. मग पायरी २ मधील आज्ञा अक्षरशः तशीच पुन्हा द्यावी. आत शिरून पाहिल्यावर नोंदी जागच्या जागी दिसल्या, तर कणगी बरोबर जोडली गेली आहे. दिसल्या नाहीत, तर चूक आजच कळली. खरी नोंद भरण्याआधी कळली, हा फायदाच.

येथे एक गंमत लक्षात येईल. दुसऱ्या वेळी परवलीचा शब्द वेगळा दिला, तरी जुनाच चालू राहतो. कारण कणगी रिकामी असेल तेव्हाच हा साचा नवी मांडणी करतो. भरलेली कणगी दिसली की तो तिला हात लावत नाही. शब्द बदलायचा तर डेटाबेसच्या आत जाऊन बदलावा लागतो.

वीज गेली तर?

आपल्या भागात हा प्रश्न आधी येतो. पोस्टग्रेसची पद्धत आपल्या दुकानदारांच्या जुन्या पद्धतीसारखी आहे. दुकानदार व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत लिहितो आणि नंतर सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढवतो. मधेच काही अडथळा आला, तर रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत पक्का करतो आणि मगच ‘झाले’ असे सांगतो. वीज परत आल्यावर तो ती वाचून तक्ते दुरुस्त करतो. अर्धवट राहिलेला व्यवहार रद्द धरला जातो. मात्र कंटेनर आपोआप उठावा असे वाटत असेल, तर पायरी २ मध्ये ‘रीस्टार्ट’ हा पर्याय ‘अनलेस-स्टॉप्ड’ या मूल्यासह जोडावा.

कणगीलाही उंदीर लागतात

व्हॉल्यूम टिकाऊ आहे, अमर नाही. डिस्क बिघडते. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप काढून टाकले किंवा मूळ स्थितीवर आणले, तर त्यातील व्हॉल्यूमही जातात. सफाईच्या काही आज्ञा व्हॉल्यूमसुद्धा पुसू शकतात. म्हणून दर आठवड्याला नोंदींची वेगळी प्रत काढणे भाग आहे.

व्हॉल्यूममधल्या फाइली डेटाबेस चालू असताना नुसत्या नकलून घेऊ नयेत. ती नक्कल अर्धी जुनी, अर्धी नवी निघू शकते. ‘पीजी-डंप’ हे साधन डेटाबेसचा एका क्षणाचा सुसंगत उतारा काढते. ‘डॉकर एक्झेक’ने ते कंटेनरमध्ये चालवावे, ‘एफ’ या पर्यायाने उतारा आतल्याच एका फाइलीत लिहावा, आणि ‘डॉकर सीपी’ने ती फाइल बाहेर आणावी. हा वळसा देवनागरीसाठी आहे. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या चिन्हाने उतारा थेट फाइलीत वळवला, तर अक्षरांची सांकेतिक रचना बदलते आणि गावांची नावे बिघडण्याचा धोका असतो.

हा उतारा साध्या मजकुराचा असतो. कोणत्याही संपादकात उघडून वाचता येतो. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलताना तोच उपयोगी पडतो, कारण १७ व्या आवृत्तीने लिहिलेली कणगी १८ वी आवृत्ती थेट उघडत नाही. जुन्यातून उतारा काढायचा, नव्या रिकाम्या कणगीवर नवा कंटेनर उभारायचा आणि त्यात उतारा भरायचा, असा क्रम आहे.

उताऱ्याच्या दोन प्रती दोन जागी असाव्यात, एक शाळेत आणि एक शाळेबाहेर. महिन्यातून एकदा उतारा दुसऱ्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून नोंदींची संख्या जुळवून पाहावी. भरून न पाहिलेल्या उताऱ्यावर विसंबता येत नाही.

शिक्षकांची बदली होते, मुले दहावी होऊन जातात, संगणक जुना होतो. म्हणून पायरी २ मधील पूर्ण आज्ञा, कणगीचे नाव, पोस्टग्रेसची आवृत्ती आणि पाणी काठापासून मोजले आहे ही सूचना, हे सारे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. परवलीचा शब्द मात्र तिथे नको, तो मुख्याध्यापकांकडे असावा. आणि सरावासाठी मुलांची नावे, जन्मतारखा किंवा आधार क्रमांक कधीही भरू नयेत. विहिरींच्या नोंदींत लपवण्यासारखे काही नसते, म्हणूनच सुरुवातीला त्या उत्तम.

वर्गासाठी उपक्रम

१. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने नाव दिलेल्या कणगीसह कंटेनर उभारावा, दुसऱ्याने कणगीशिवाय. दोघांनी दहा नोंदी भराव्यात आणि कंटेनर पुसून नवा उभारावा. काय उरले आणि का, ते मुलांनीच सांगावे.

२. विहिरींच्या यादीत नसलेल्या क्रमांकाची नोंद भरून पाहावी. डेटाबेस काय उत्तर देतो? वहीने काय केले असते?

३. एका विहिरीची ऑक्टोबर ते मे ही पातळी आलेखावर मांडावी. रेषा सरळ उतरते, की एका खोलीनंतर उताराचा वेग बदलतो? मुरुमाचा थर संपून कातळ कुठे लागतो, हे विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना विचारावे आणि आलेखाशी ताडून पाहावे.

तिसऱ्या उपक्रमाचे उत्तर एका वर्षात मिळेलच असे नाही. कमी पावसाचे एक वर्ष आणि भरपूर पावसाचे एक वर्ष तरी हाताशी हवे. तोवर संगणक बदलेल, पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्त्या येतील, कंटेनर कितीतरी वेळा टाकून नवे उभे राहतील. पहिल्या आठवड्यात पाचवीच्या मुलाने टेप सोडून वाचलेला आकडा मात्र तोच राहिला पाहिजे.